तीस सेकंदांची शांतता

आमच्या घरात आधी हात उठतो, मग तोंड उघडतं. वडिलांचं तसंच होतं, दादाचं तसंच आहे. माझंही वेगळं नाही. फक्त मी धाकटा, त्यामुळे माझा हात उठायला समोर माणूस नसायचा, म्हणून मी वस्तूंवर राग काढायचो. पेठ रोडच्या आमच्या गाळ्यात एक लोखंडी कपाट आहे, त्याला जेवढे पोचे आहेत तेवढे सगळे माझे. गिऱ्हाईक आलं की दादा म्हणायचा, ट्रान्सपोर्टमध्ये झालेत.

धंदा दोघांचा. आवाज दादाचा, चित्र माझं. स्पीकर, माईक, मिक्सर तो सांभाळतो. कॅमेरा, मोठा एलईडी पडदा आणि मोबाइलवर थेट दाखवण्याचं काम माझ्याकडे. लग्नं, साखरपुडे, सप्ताह, शाळेचं गॅदरिंग, पुढाऱ्याचा वाढदिवस. आणि अलीकडे दशक्रिया. पूर्वी नदीवर पन्नास माणसं जमायची आणि तासाभरात घरी जायची. आता मांडव लागतो, प्रवचन लागतं, श्रद्धांजलीची भाषणं लागतात. आणि जो येऊ शकला नाही त्याला दुबईत बसून पिंड दिसला पाहिजे.

ज्या पेटीमुळे पुढचं सगळं घडलं ती पेटी मी मार खाल्ला म्हणून आणली. घोटीजवळ एक लग्न होतं. मंगलाष्टकं चालू असताना पडदा काळा पडला. कोणाचा तरी पाय कॅमेऱ्याच्या केबलवर पडला होता, बाकी काही नाही. मी वाकून जोड शोधतोय तोवर दादा मिक्सर सोडून आला आणि अक्षता हातात घेऊन उभ्या असलेल्या लोकांसमोर त्यानं मला दोन लगावल्या. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो, एका मुलीचा बाप होतो. लोकांनी तेवढ्यापुरतं माझ्याकडे पाहिलं आणि मग "शुभमंगल सावधान" झाल्यावर अक्षता टाकल्या. त्यातल्या काही माझ्या केसांत अडकून घरापर्यंत आल्या.

त्याच आठवड्यात मी ती पेटी मागवली. जेवणाच्या डब्याएवढी असेल. लाईट गेली की आपोआप जनरेटरवर जायला चेंजओव्हर बसवतात, तसाच हा चित्र आणि आवाजाचा चेंजओव्हर. एका बाजूनं मुख्य कॅमेरा आणि मिक्सरचा आवाज आत घ्यायचा, दुसऱ्या बाजूनं बॅकअपचा लॅपटॉप जोडायचा. मुख्य चित्र काळं पडलं किंवा मुख्य आवाज गेला, की पेटी स्वतःहून बॅकअप लावते. मुख्य परत आलं की स्वतःहून परत येते. माणसानं काही करायचं नाही. माणूस मध्ये असला की चूक होते आणि चूक झाली की दादाचा हात उठतो, एवढा साधा माझा विचार होता.

किती वेळ थांबून उडी मारायची ते आपण ठरवायचं असतं. चित्र गेलं तर दोन सेकंद, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. आवाजाचं मी दोन-तीन दिवस डोक्यात घोळवलं. वक्ता ठसका लागून थांबतो, पाणी पितो, कागद शोधतो. मी आमच्या दहाबारा कार्यक्रमांची रेकॉर्डिंग काढून ऐकली. कुठेच वीस सेकंदांच्या वर शांतता सापडली नाही. आपली माणसं गप्प बसतच नाहीत. मग मी तीस सेकंद ठेवले आणि स्वतःवर खूश झालो. मी ऐकली ती सगळी रेकॉर्डिंग लग्नांची आणि सत्कारांची होती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

दादाला एक गोष्ट खटकली होती, ती मात्र त्यानं बोलून दाखवली. मी मिक्सरचा आवाज आधी पेटीत आणि पेटीतून पुढे स्पीकरला नेला होता.

"आवाज माझा सरळ स्पीकरला जाऊ दे," तो म्हणाला. "तुझ्या डब्यातून कशाला फिरवतो?"

"मग चित्र बॅकअपचं आणि आवाज नाही, असं होईल ना. दोन्ही बरोबर जायला पाहिजे."

"माझ्या हातात काही राहत नाय मग."

"तुझ्या हातात राहू नये म्हणूनच आणलाय," मी म्हणालो. यावर तो हसला. मारेल असं वाटलं होतं.

पेटी चालली. एका सत्काराला मी मुद्दाम केबल उपटून दाखवली आणि दोन सेकंदांत पडद्यावर सत्कारमूर्तीचा फोटो आला, खाली सनई. दादानं मान हलवली. नंतरचे चारपाच महिने त्याचा हात माझ्यावर उठला नाही. मी इतका माजलो की कार्यक्रम चालू असताना मागे बसून मोबाइलवर क्रिकेट बघायचो.

मग दिंडोरीकडचं ते काम आलं. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, लग्न व्हायचं होतं. द्राक्षबागेकडे जाणाऱ्या रस्त्यावरून त्याचं आणि चुलतभावाचं वाजलं. रस्ता म्हणजे ट्रॅक्टर जाईल एवढी पट्टी. चुलतभावानं कोयत्यानं मारलं, दिवसाढवळ्या, बागेतल्या मजुरांसमोर. चुलतभाऊ आत गेला होता, पण त्याचे बाकीचे घरचे गावातच होते आणि अर्धं गाव त्यांच्या बाजूचं होतं. दशक्रियेला पोलिसांची गाडी येणार हे आम्हाला आधीच सांगितलेलं होतं.

आदल्या दिवशी मी येवल्याला लग्नात होतो. बॅकअपच्या लॅपटॉपवर त्या लग्नाची फीत लावलेली होती: नवरानवरीचे फोटो, खाली वरातीचा बँड. दशक्रियेसाठी ती काढून गेलेल्या मुलाचा फोटो आणि टाळ-वीणा टाकायची, हे माझं काम. फोटो माझ्या मोबाइलवर आलेला होता. पाच मिनिटांचं काम होतं. रात्री कंटाळा केला, सकाळी करू म्हटलं. सकाळी सहाला टेम्पो भरताना मी पंधरा मिनिटं उशिरा आलो म्हणून दादानं जनरेटरचा पाना फेकून मारला. नडगीवर लागला. सालपट गेलं, पँट ओली झाली. त्यानंतर मी त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. तिथे पोहोचून मांडामांड झाली, आणि त्यानं विचारलं,

"बॅकअपला पोराचा फोटो टाकला का?"

"टाकला."

माझा तो एक शब्द. खोटा. त्याला उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून लवकर संपेल ते उत्तर दिलं. आणि बॅकअप लागतंय कशाला, मुख्य सगळं ठीक आहे, असंही मनात होतंच.

नदीच्या कडेला मांडव. मांडवाच्या मधोमध दादाचं टेबल, त्यावर मिक्सर. पुढे व्यासपीठ, व्यासपीठामागे पडदा, पडद्यामागे मी, माझी पेटी आणि एक छोटा टीव्ही. घाटाच्या पायरीवर पिंडाची जागा, तिच्याजवळ भटजींचा माईक. आमचा कॅमेरावाला, शेजारच्या गल्लीतलाच ओळखीचा, तिथे कॅमेरा लावून उभा. शेजारच्या बागेत औषध मारलेलं असावं, वास घशाला लागत होता. पोरं काळ्या फिती लावून घोळक्यानं उभी होती, खाली बसायला तयार नव्हती. दोन पोलीस बाभळीच्या सावलीत. प्रवचनकार महाराज क्षमेवर बोलले. कोणी ऐकत नव्हतं. मग मुलाचा मामा माईकपाशी आला आणि म्हणाला, ज्यांनी मारलं त्यांना गावात राहू देणार नाही. तेव्हा त्या घोळक्यातून जो आवाज निघाला तो मी टाळ्यांचा म्हणणार नाही.

पिंड ठेवला. कावळा येईना. दोन कावळे समोरच्या उंबरावर बसलेले, एक घाटाच्या भिंतीपर्यंत यायचा आणि परत जायचा. आत्या म्हणाली, तुझ्या बहिणीचं लग्न आम्ही लावू, येऊ दे कावळ्याला. आजोबा म्हणाले, बाग आम्ही सांभाळू. मामा म्हणाला, तुझा हिशोब चुकता करू, शीव बाबा. कावळा येईना. मुलाचा बाप ओल्या पंच्यानं पायरीवर उभा होता, डोकं भादरलेलं, काहीच बोलत नव्हता.

मग महाराज म्हणाले, "सगळे अगदी शांत व्हा. कोणी हलू नका. तो घाबरतोय."

दादानं मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या सगळ्या दांड्या खाली ओढल्या, म्हणजे माईकची खरखरसुद्धा नको. कावळ्यासाठीच केलं त्यानं. जनरेटर लांब होता. मांडवात इतकी माणसं आणि कोणी खोकत नव्हतं. माझ्या टीव्हीवर पिंड होता, वर दह्याची धार, आणि कडेला कावळा उतरला. एक उडी. मान तिरकी केली. आणखी एक उडी. मी पेटी विसरलो, नडगी विसरलो, माझ्याही मनात "शीव, शीव" चाललं होतं. इतकी शांतता मी आमच्या कामात कधी अनुभवली नव्हती.

तीस सेकंद झाले असणार. पेटीवरचा हिरवा दिवा लाल झाला आणि आठही स्पीकरमधून वरातीचा बँड सुटला. पडद्यावर येवल्याची नवरी पैठणी नेसून नवऱ्याच्या तोंडात पेढा घालत होती, वर सोनेरी अक्षरांत "शुभविवाह". पूर्ण आवाजात. कावळा गेला, उंबरावरचा दुसराही गेला.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो, कारण ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. पेटीनं बरोबर काम केलं, असं वाटलं. एखादा क्षण असेल, पण वाटलं. मग कळलं. पेटीवर एक बटण होतं, दाबलं की सगळं परत जागेवर आलं असतं. माझ्या बोटापासून वीतभर अंतरावर. मी ते दाबलं नाही. का नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

दादा बिचारा दांड्या खाली ओढत होता. त्या आधीच खाली होत्या. त्याच्या हातात काही उरलं नव्हतं, हे त्यानं मला आधीच सांगितलेलं होतं. बँड चालूच. मग घाबरून त्यानं त्या सगळ्या वर ढकलल्या. पायरीवरच्या माईकमधून लोकांचा आरडाओरडा आत आला, पेटीला वाटलं मुख्य आवाज परत आला, आणि तिनं शिस्तीत बँड बंद करून मुख्य चित्र लावलं. ठरवून दिल्याप्रमाणे.

पण मांडवातल्या लोकांनी काय पाहिलं? मिक्सरवरच्या माणसाचा हात हलला आणि बँड थांबला. म्हणजे वाजवणाराही तोच.

"त्यांनी पाठवलाय याला! सोडू नका, लय माज हाय त्यांना!" कोणीतरी ओरडलं.

पुढचं मी पडद्यामागच्या टीव्हीवर पाहिलं. कॅमेरावाल्यानं सवयीनं कॅमेरा गर्दीकडे वळवला होता. म्हणजे पडद्यावर, बारा फुटी, माझा भाऊ मार खात होता आणि समोर चाललेलं तेच सगळं गाव वर मान करून पुन्हा पडद्यावर बघत होतं. पहिली प्लास्टिकची खुर्ची पाठीवर मोडली. दुसरी मोडली नाही. काळ्या फितीवाल्या एकानं माईकचा स्टँड उचलला आणि गुडघ्यावर घातला, दोनदा, लाकूड फोडतात तसा. मिक्सर खाली पडला. दादा त्याच्यावर पडला, आणि पायांच्या मध्ये दिसेनासा झाला. फक्त पाय उठत होते आणि खाली येत होते. त्यात एक म्हातारा होता, काठी टेकत आलेला. त्यानं काठी उलटी धरली.

मग दादा गुडघ्यावर उठला. तोंडावर रक्त. त्यानं उजवा हात लांब केला, सरळ पडद्याकडे, माझ्याकडे. तोंड हलत होतं. काही ऐकू आलं नाही. पुन्हा हात केला.

मला वाटलं तो म्हणतोय, जा. पळ.

मी पेटीची पिन उपटली. पडदा काळा झाला. पेटी बॅगेत टाकली आणि मांडवाच्या मागनं बाहेर पडून बागेत शिरलो. द्राक्षाच्या दोन ओळींमध्ये वाकून चालत राहिलो. डोक्यावरच्या तारा मानेला घासत होत्या. खूप आत जाऊन बसलो. तिथपर्यंत आवाज येत होता, आणि मी कानांवर हात ठेवले. कोणी मला सांगावं की आणखी काय करता आलं असतं. हे मी स्वतःला आठ महिने म्हणत होतो, आणि आठही महिने उत्तर मला माहीत होतं. माईकपर्यंत जायचं होतं आणि म्हणायचं होतं, मी केलं. दोन शब्द. किंवा नुसतं जाऊन त्याच्या अंगावर पडायचं होतं.

मार कसा थांबला ते कॅमेरावाल्यानं नंतर सांगितलं. मुलाचा बाप घाटावरून वर आला. ओला पंचा, पायांना चिखल. लोक बाजूला झाले. आता तो अडवणार असं सगळ्यांना वाटलं. त्यानं दादाला केसांना धरून उठवलं आणि उघड्या हातानं डाव्या कानावर एक मारली. एकच. मग तो तिथंच खाली बसला, आणि त्यानंतर कोणी हात लावला नाही. पोलीसही तेव्हाच आले, दोघांचा मिळून एक दंडुका.

मला त्या बापाचा राग येतो. त्याचा मुलगा गेला, त्याच्या समोर वरात वाजली, सगळं समजतं, तरी येतो. ज्यानं कोयता चालवला त्याच्या घरच्यांवर त्यानं हात उचलला नव्हता, असं मी ऐकलं. तो आमच्यावर उचलला.

कावळा पुन्हा आला नाही. भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला लावला. खरा आला नाही तर गवताचा, अशी सोय शास्त्रात आहेच म्हणे. म्हणजे त्यांच्याकडेही बॅकअप होता. हे कॅमेरावाला सांगत होता तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात हसायला लागलो आणि थांबेचना. त्यानं मला दंडाला धरून खाली बसवलं.

गुडघ्याला टाके, तीन बरगड्या, आणि कान. डॉक्टर म्हणाले पडदा फाटलाय, आतही मार आहे, ऐकू येईल याची आशा ठेवू नका. साऊंडवाल्या माणसाला ते असं सांगत होते, सर्दी आहे म्हटल्यासारखं. पोलीस जबाब घ्यायला आला तेव्हा मी दाराशी उभा होतो. दादा सुजलेल्या तोंडानं बोलला,

"माझ्याच हातनं चुकीचं बटण दाबलं गेलं. कुणी पाठवलं नाय. कुणावर तक्रार नाय."

"बरोबर कोण होतं?"

"भाऊ होता. तो मागं होता. त्याचा काय संबंध नाय."

पोलिसानं लिहून घेतलं. वहिनीनं बाहेर येऊन मला विचारलं, तुम्ही कुठे होतात? मी म्हणालो, दादानंच मला जा म्हणून खुणावलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आईलाही तेच सांगितलं. बायकोलाही. इतक्या वेळा सांगितलं की त्यात दादा मोठा होत गेला आणि मी कमी कमी पळपुटा होत गेलो. रक्तबंबाळ अवस्थेत ज्याला धाकट्या भावाला वाचवायचं सुचलं, असा माझा दादा. लोक ऐकून डोळे पुसायचे.

दादा दोन महिन्यांनी गाळ्यावर आला. आणि तो बदलला होता. ओरडत नव्हता. वस्तू फेकत नव्हता. माझ्या हातून केबलचं पूर्ण रीळ टेम्पोवरून त्याच्या पायाशी पडलं तरी म्हणाला, सावकाश. मला ते सहन होईना. मी त्याचं सगळं करत होतो: गाडीत बसवणं, गोळ्या, वजन उचलणं, गिऱ्हाइकाशी बोलणं. रस्त्यात त्याच्या उजव्या बाजूनं चालायचं, म्हणजे ऐकू येईल. उपकाराखाली दबलेला माणूस कसा लाघवी होतो ते मी तेव्हा स्वतःत पाहिलं आणि मला स्वतःची किळस आली. त्यानं एकदा, फक्त एकदा, मला दोन लगावाव्यात म्हणून मी मुद्दाम चुका केल्या. एकदा भर लग्नात त्याचा माईक बंद केला. तो येऊन चालू करून गेला.

द्राक्षाचा हंगाम होऊन गेला. मग एका शाळेच्या कार्यक्रमाचं काम आलं, आणि त्यांना बॅकअप पाहिजेच होता, लेखी. पेटी तेव्हापासून बॅगेतून निघालेली नव्हती. दुपारी गाळ्यात शटर अर्धं ओढून मी ती टेबलावर मांडली. आता मी आवाजाची उडी बंदच करून टाकली होती. फक्त चित्र गेलं तर जायचं, आणि तेही हातानं बटण दाबून. दादाचा आवाज सरळ स्पीकरला. ते लावून झालं, आणि मी दोनातल्या एका स्पीकरला शिट्टीचा आवाज सोडला.

"डावा का उजवा?" सवयीनं विचारलं. वीस वर्षं मी हेच विचारत आलो होतो आणि तो डोळे मिटून सांगायचा.

दादा दोन स्पीकरांच्या मध्ये उभा होता. त्यानं मान इकडे केली, तिकडे केली. मग म्हणाला, "तूच सांग."

मी शिट्टी बंद केली. आणि माझ्या तोंडातून ते बाहेर पडलं.

"दादा, मी त्या दिवशी फोटो टाकला नव्हता. तू विचारलं तेव्हा खोटं बोललो. तीस सेकंदही मीच ठेवले होते. बटण माझ्यासमोर होतं, ते दाबलं नाही. आणि तू जा म्हणाला तर खरंच गेलो. जायला नको होतं."

तो पिंपावर बसला. पाय आता वाकत नसे, लांब करून बसला.

"फोटोचं माहीत होतं," तो म्हणाला. "बँड वाजला तेव्हाच कळलं. येवल्याचं लग्न मलाही ठाऊक होतं ना."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस?"

तो गप्प. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून मी त्याच्या उजव्या बाजूला गेलो आणि परत विचारलं.

"ऐकू आलं पहिल्यांदाच," तो म्हणाला. "मी तुला जा म्हणालो नव्हतो."

"हात केलास की. दोनदा. मी पाहिलं."

"हात केला. लोकांना दाखवत होतो तू कुठंय ते." तो माझ्याकडे न बघता बोलत होता, सावकाश, पाना फेकणारा माणूस नव्हताच तो. "म्हणलं, मी नाय वाजवलं. तो पडद्यामागं बसलाय, त्यानं वाजवलं. भाऊय माझा, त्याला धरा, मला सोडा. तीनदा म्हणलं. कुणाला ऐकूच गेलं नाय."

मी स्पीकरची केबल उपटून गुंडाळायला लागलो.

"नंतर पोलिसांसमोर परत तेच म्हणायला तोंड नव्हतं," तो म्हणाला. "तू दारात उभा होता ना."

माझा हात उठला. मी उठवला नाही, तो उठला. आयुष्यात पहिल्यांदा दादावर. आठ महिने मी ज्या माणसाचे फक्त पाय धुवायचे बाकी ठेवले होते तो माणूस तिथे नव्हताच कधी. तो माझ्यासारखाच निघाला होता, आणि मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांपुढे काही दिसेना.

दादानं पाहिलं. तो मागे सरकला नाही, हात आडवा धरला नाही. मान वळवून त्यानं डावी बाजू माझ्यापुढे केली.

"या बाजूनं मार," तो म्हणाला. "दुसऱ्या कानानं मला काम करायचंय."